आधी फडकं, मग पाना



जुनी प्रीमियर पद्मिनी घाटात बंद पडली की ‘इंजिन बसलं’ असा निकाल मागील अंकातील लेखाने दिला आहे. फारच घाई! या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला. मे महिन्यात तो तापतो, पेट्रोलची वाफ होते, कार्ब्युरेटर कोरडा पडतो. मुंबईचे टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे. तेवढ्याने गाडी चालू झाली, तर इंजिन उघडायचं कारण काय?

लेखात रिबोअरिंगचा खर्च तपशिलाने आला आहे. कॉम्प्रेशन तपासणी मात्र राहून गेली. तीत सिलिंडरमधला दाब कमी आला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेला. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट.

– एक वाचक