कयाधूकाठचा पाठ

चौथीच्या वर्गात शिवचरित्राआधी संतांची कामगिरी शिकविली जात आली आहे. नामदेवांचे गाव नर्सी, हे वाक्य पुण्या-मुंबईच्या मुलाला गाळलेल्या जागेचे उत्तर असेल. हिंगोलीच्या मुलाला ते शेजारचे गाव आहे. ज्या कयाधूच्या तीरावर हिंगोली, तिच्याच तीरावर नर्सी. औंढा नागनाथला विसोबा खेचरांनी त्यांना गुरूपदेश दिला, अशी परंपरा आहे. पुढे नामदेवांनी भागवत धर्माची पताका थेट पंजाबात नेली. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन भरले, ते त्यांच्याच घुमानला. राष्ट्रीय एकात्मतेवर व्याख्याने देणाऱ्यांनी (त्यात आम्हीही आलो) हा नकाशा मुलांपुढे कितीदा उलगडला?

सारा दोष गुरुजींच्या माथी मारून भागणार नाही. निवडणुकीची कामे आणि पोषण आहाराच्या नोंदी यांतून त्यांना उसंत कुठली? तेव्हा पालकांनी आणि कार्यकर्त्यांनीच पुढे व्हावे. एखाद्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की वर्ग नर्सीला न्यावा, आणि तेथे बसून नकाशावर घुमानपर्यंतची रेघ मुलांनाच ओढू द्यावी.