चालत्या गाडीचा रंग

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी दिवाळीत मातीचा किल्ला होत असेल. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद, कोठेही मराठी कुटुंब जाऊन स्थिरावले तरी अहाळीव पेरून केलेली हिरवळ आणि तटावरचे मावळे त्याच्या मागोमाग गेलेच. या किल्ल्यांविषयी आमची एक जुनी तक्रार आहे. तट काल बांधल्यासारखा दिसतो, तोफ आज ओतल्यासारखी. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना अशी चकाकी शोभते, कारण ती खेळणी म्हणूनच जन्मास आली. प्रतिकृतीचे तसे नाही. तिने मूळ वस्तूचे वयही सांगावयास हवे. हे वय ब्रशापेक्षा पेन्सिलीने अधिक चांगले सांगता येते, हे आम्हांस सर्वणच्या एका विद्यार्थ्यामुळे कळले.

सर्वण हा गोव्याच्या डिचोली तालुक्यातील गाव. या तालुक्याचे अर्धे आयुष्य लोहखनिजाच्या तांबड्या धुळीत गेले. खाणींतून निघालेला माल ट्रकांनी मांडवीकाठच्या धक्क्यांवर जाई, तेथून बार्जांनी मुरगाव बंदरात. ज्याला जमले त्याने कर्ज काढून ट्रक घेतला. पुढे २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबविल्या. त्या काही अटींवर सुरू झाल्या, आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. लिलावानंतर आता काही ठिकाणी काम सुरू झाले आहे. पण मधल्या वर्षांत अनेक अंगणांत ट्रक नुसते उभे राहिले. आमच्या या विद्यार्थ्याच्या अंगणातही एक होता. २०१८ साली तो पहिलीत होता. सातवीत आला तोवर ट्रक मोडीत गेलेला होता, आणि शाळेच्या हस्तव्यवसाय प्रदर्शनासाठी त्याने त्याच ट्रकाची वीतभर प्रतिकृती करावयास घेतली.

पुठ्ठा, आइसक्रीमच्या काड्या, चाकांना बाटल्यांची झाकणे. रंग मात्र त्याने घरात दारांना लावून उरलेला पिवळा एनॅमल दिला. ट्रक मिठाईसारखा चकाकू लागला. जुना दिसावा म्हणून त्याने काळा रंग ब्रशाने फासला, तेव्हा तो जुना न दिसता मळका दिसू लागला. हा भेद मोठा आहे. मळ कोठेही बसतो. जुनेपण ठरावीक जागी येते.

आम्ही मराठीचे मास्तर. परंतु चित्रकलेची हौस असल्यामुळे कपाटात पेन्सिली बऱ्याच आहेत. प्रथम एनॅमल बारीक पॉलिशपेपरने हलकेच घासून घेतला, कारण चकचकीत पृष्ठावर पेन्सिल नुसती घसरते. तिला धरावयास खरखर लागते. मग मूळ पिवळ्याहून फिकट अशी रंगीत पेन्सिल आडवी धरून केबिनच्या व फाळक्यांच्या कडांवरून फिरविली. टोकाने रेघ ओढावयाची नाही, शिशाची बाजू कडेवर टेकवावयाची. कड आपोआप उजळते आणि खोलगट भाग तसाच राहतो. ब्रशाने हेच काम करावयास हात अतिशय स्थिर लागतो. तेरा वर्षांच्या मुलाचा तो नसतो, आणि छप्पन्नाव्या वर्षी आमचाही राहिलेला नाही.

गंजासाठी पाण्यात विरघळणाऱ्या पेन्सिली घेतल्या. खिळ्याखाली, बिजागरीखाली विटकरी रंगाचा ठिपका द्यावा आणि ओल्या ब्रशाने तो खाली ओढावा. पावसाचे पाणी जेथून जेथे वाहील तसाच ओघळ उतरतो. चुकले तर ओल्या फडक्याने पुसून पुन्हा आरंभ करता येतो, ही सवलत तैलरंगात इतकी सहज मिळत नाही. मडगार्डांवर तांबूस पेन्सिलीची पूड पातीने खरडून बोटाने चोळली. ती आमच्या डिचोलीची धूळ झाली.

येथे एक अवांतर. शिसपेन्सिलीत शिसे मुळीच नसते. असते ते ग्राफाइट, म्हणजे कार्बन, आणि त्यात भाजलेली माती. युद्धामुळे इंग्लंडचे ग्राफाइट फ्रान्सला मिळेना, तेव्हा निकोला-जाक काँते याने १७९५ मध्ये हे मिश्रण सिद्ध केले. माती अधिक तर पेन्सिल कठीण, ग्राफाइट अधिक तर मऊ आणि काळी. मऊ ग्राफाइट काळ्या रंगावर घासले की पोलादासारखी झाक येते. किल्ल्यावरची तोफ चंदेरी रंगाने रंगविणाऱ्यांनी एकदा ती काळी रंगवून तिच्यावर ६ बी पेन्सिल घासून पाहावी.

यानंतरची चूक सर्वस्वी आमची. पूड झडू नये म्हणून आम्ही ब्रशाने पाण्यातले व्हार्निश लावावयास सांगितले. विरघळणाऱ्या पेन्सिलीवर ओला ब्रश फिरल्यावर व्हावयाचे तेच झाले. दोन दिवसांचे ओघळ क्षणात एकमेकांत मिसळले. आम्ही खजील झालो. मुलगा म्हणाला, "असू दे सर, पावसात धुतली म्हणूया." पुन्हा सर्व केले. या खेपेस कोळशाच्या चित्रांवर मारतात ते फिक्सेटिव्ह हातभर अंतरावरून, उघड्यावर, दोन पातळ थरांत फवारले. त्यापूर्वी हौद्याच्या आतील बाजूस मुलाने स्वतःच्या मनाने भरपूर गंज चढविला होता. तो आम्हांस इतका खरा वाटला की आम्ही त्याची पाठ थोपटली.

प्रदर्शनाला त्याचे वडील आले. वाकून बराच वेळ पाहत राहिले. मडगार्डांवरची धूळ पाहून त्यांनी मान हलविली. ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर, कोपर टेकून रंग उडतो तेथे, कड उजळलेली पाहून हसलेही. मग त्यांनी हौद्यात बोट घातले.

"सर, हे चुकलंय. चालत्या गाडीचा हौदा गंजत नाही. माल घासून घासून तो आतून आरशासारखा होतो. गंजतो तो उभ्या गाडीचा."

आमच्या हे ध्यानातच आले नव्हते. कारण कळल्यावाचून दाखविलेले जुनेपण खोटे, असे आम्ही वर्गात आठवडाभर सांगत होतो, आणि या गंजाचे कारण आम्ही विचारलेच नव्हते. मुलाने मात्र खोटे काहीच केले नव्हते. त्याला समजू लागले तेव्हापासून ट्रक अंगणात उभाच होता. हौद्यात पाणी साचे आणि तो त्यात कागदाच्या होड्या सोडी. त्याने पाहिला तोच हौदा त्याने रंगविला.

वडिलांना हे उमगले असावे, कारण ते काही क्षण गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "काढता येईल काय?" फिक्सेटिव्हखालचा गंज पुसला जाणार नव्हता. आम्ही म्हणालो, वरून काळा हात देऊन ग्राफाइट घासता येईल. मुलाकडे पाहिले. तो म्हणाला, "बाबा, तुम्हीच करा. मला तो तसा माहीत नाही."

प्रदर्शन संपल्यावर, बाके उचलली जात असताना, बापलेक वर्गाच्या कोपऱ्यात बसले. काळा रंग वाळल्यावर वडिलांनी आमची ६ बी हातात घेतली. माल मागे घसरतो त्या दिशेने, फाळक्याकडे, ते घासू लागले. तळ अधिक, बाजू कमी, वरच्या कडेला जवळजवळ नाहीच. कोठे किती घासावयाचे हे त्यांना विचारावे लागले नाही. मुलगा मध्येच विचारी, एका दिवसात किती खेपा होत, धक्क्यावर रांग किती लांब असे, आणि ते खाली पाहतच उत्तरे देत होते. डाव्या कोपऱ्यात थोडासा गंज त्यांनी ठेवला. तेथे म्हणे माल कधीच नीट पोहोचत नसे.