यंत्र जागे राहील, उठणार कोण?

घरातील वृद्ध आई रात्री दोन वाजता उठते, दाराची कडी काढते आणि 'मला घरी जायचे आहे' असे म्हणत जिना उतरू लागते. वस्तुतः ती स्वतःच्याच घरात असते. स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या, रुग्णाबरोबर राहणाऱ्या कुटुंबांना हा प्रसंग नवा नाही. त्यांच्यासाठी रात्र जागविणारी व्यक्ती बहुधा सून किंवा मुलगी असते आणि सकाळी डबे भरून कचेरीही तिलाच गाठावयाची असते. आता तिच्याऐवजी कृत्रिम बुद्धिमत्ता जागी राहील, असे आश्वासन दिले जात आहे. ते सर्वस्वी पोकळ नाही. म्हणूनच ते पारखून घ्यावयास हवे.

प्रश्न लहान नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना हा विकार आहे. २०३६ पर्यंत ही संख्या १ कोटी ६९ लाखांवर जाईल. शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आहे, म्हणजे जेथे तज्ज्ञ डॉक्टर दुर्मिळ तेथेच रुग्ण जास्त.

यंत्र काय करू शकते, याचे उत्तम उदाहरण इंग्लंडमधील सरे परगण्यात सापडते. तेथे २०१६ साली सरकारी आरोग्यसेवेच्या सहभागाने एक प्रयोग सुरू झाला. रुग्णांच्या घरांत दारे, खोल्या व नित्याच्या वापरातील वस्तू यांपाशी लहान संवेदक बसविण्यात आले. रुग्णाचा दिनक्रम संगणक शिकून घेई आणि त्यात फरक पडताच सूचना देई. रात्री स्वच्छतागृहाच्या खेपा वाढल्या, तर मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाची शंका घेता येते. अशा संसर्गाने रुग्ण एकाएकी अधिक भ्रमिष्ट होतो आणि घरची माणसे 'आजार वाढला' म्हणून स्वस्थ बसतात. वेळीच सूचना मिळाली तर साध्या औषधाने काम भागते. एरवी रुग्णालय गाठावे लागते. हा लाभ खरा आहे.

परंतु या प्रयोगातील एक गोष्ट सहज नजरेआड होते. संगणकाची सूचना थेट घरच्या सुनेच्या भ्रमणध्वनीवर टाकून कोणी मोकळे होत नव्हते. ती एका केंद्रावर जाई. तेथील प्रशिक्षित कर्मचारी तिची शहानिशा करीत, घरी दूरध्वनी करीत आणि गरज पडल्यास मदत पाठवीत. यंत्रामागे पगारी माणूस उभा होता.

या कामाचे दोन भाग पडतात: पहारा आणि शुश्रूषा. यंत्र पहारा स्वस्त करते. अर्थशास्त्राचा साधा नियम असा की, एक वस्तू स्वस्त झाली म्हणजे तिच्या पूरक वस्तूची मागणी वाढते. सूचना वाढल्या की उठणाऱ्या, धरून आणणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या हातांची गरजही वाढते. ते हात बिनपगारी असतील तर हा खर्च कोणत्याच हिशेबात दिसत नाही आणि यंत्र आहे त्याहून स्वस्त भासते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २०१९ साली या विकाराचा जगावर पडलेला भार १.३ लाख कोटी डॉलरचा होता. त्यातील निम्मा कुटुंबीयांच्या सेवेचे मोल होता आणि त्या सेवेचे सुमारे ७० टक्के तास स्त्रियांचे होते. आपल्याकडील २०२४ च्या वेळ-वापर पाहणीतही, १५ ते ५९ वयोगटात घरातील माणसांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया ४१ टक्के, तर पुरुष २१ टक्क्यांच्या आसपास आढळले.

आपली सरकारी मदत मात्र रुग्णालयाच्या दारापाशी घुटमळते. सत्तरीपुढील सर्वांना २०२४ साली आयुष्मान भारत योजनेचे ५ लाखांचे संरक्षण मिळाले, हे स्वागतार्हच; पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी जागविलेल्या रात्रींसाठी त्यात तरतूद नाही. ज्यांना परवडते ते ब्यूरोतून बाई ठेवतात. इतरांच्या घरी एखादी नोकरी सुटते, आणि ती कोणाची हे सांगावयास नको.

'माणसे मिळत नाहीत म्हणूनच तर यंत्र हवे,' असा युक्तिवाद केला जाईल. माणसे नाहीत असे नाही. त्यांना योग्य वेतन देण्याची तयारी नाही. आशा कार्यकर्ती आज नवजात बालकासाठी ठराविक दिवशी घरी जाते. तसेच तिने किंवा तिच्यासारख्या दुसऱ्या कोणी, पुरेशा मोबदल्यावर, स्मृतिभ्रष्ट वृद्धाच्या घरी जाणे अशक्य का असावे? यंत्राची सूचना तिच्याकडे गेली तरच त्या सूचनेला अर्थ. आठवड्यातून दोन दिवस रुग्णाला सांभाळणारे केंद्र वॉर्डात असले, तर घरच्या बाईला निदान झोप मिळेल.

आणखी दोन पथ्ये पाळावयास हवीत. दोन खोल्यांत सहा माणसे वावरतात, तेथे मोरीचे दार कोणी उघडले हे संवेदकाला कसे कळणार? तेव्हा आपल्या घरांतील चाचणीशिवाय खरेदी नको. दुसरे, पाळत ठेवण्यास रुग्णाची संमती त्याला समज आहे तोवरच, आजाराच्या आरंभी, घ्यावी. विस्मरण झाले म्हणून माणसाची अब्रू संपत नाही.

यंत्रे घ्यावीत, पण अंदाजपत्रकात पहिली रक्कम सूचना ऐकून उठणाऱ्या माणसाच्या नावे लिहावी आणि मगच यंत्राची. हा क्रम उलटा झाला, तर त्या सुनेला एक नवी घंटा तेवढी मिळेल, आणि ती रात्री दोन वाजताच वाजेल.