रेझ्युमे बोलतो... कधी कधी जास्तच!

गेल्या रविवारी धरमपेठेत तर्री-पोह्यांची प्लेट बाजूला सारून मैत्रिणीने लॅपटॉप उघडला. मॅडम नुकत्याच एमएसडब्ल्यू झाल्यात. ‘बघ ना, काही कमी तर नाही?’ चार पानी रेझ्युमे! फोटो, वडिलांचं नाव, हॉबीज आणि ‘मला समाजासाठी काहीतरी करायचं आहे’ हे ऑब्जेक्टिव्ह. इथपर्यंत ठीक. तिसऱ्या पानावर मात्र ठसकाच लागला. ‘केस वर्क’खाली एका एचआयव्हीबाधित बाईचं नाव, वस्ती, नवऱ्याचं काम, सगळंच!

‘अगं, हे काय करून राहिली तू?’

‘मग काय! लिहिलं नाही तर काम केलं हे कळणार कसं?’

प्रश्न शंभर टक्के बरोबर. उत्तर एवढंच, की काम लिही, माणूस लिहू नको. विश्वासाने सांगितलेली एचआयव्हीची माहिती संमतीशिवाय उघड करायला २०१७ चा कायदा मनाई करतो. बालगृहातल्या मुलांच्या ओळखीला २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं संरक्षण आहे. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी गुपित राखणं हे तर आपल्या पेशाचं पहिलं क्वालिफिकेशन! ‘एचआयव्हीबाधित महिलांचं समुपदेशन, औषधोपचारासाठी पाठपुरावा’ एवढी एक ओळ पुरते.

आता बाकीचा फंडा. फ्रेशर म्हणजे अनुभव शून्य, हा मोठा गैरसमज. तिरपुडे असो की मातृ सेवा संघाचं कॉलेज, दोन वर्षांचं फील्डवर्क, ग्रामीण शिबिर आणि ब्लॉक प्लेसमेंट हाच तुमचा अनुभव. तो वर आणा, दहावीचे टक्के खाली जाऊ द्या. ‘वस्तीत काम केलं’ हे मोघम झालं. किती आठवडे, किती घरभेटी, शाळा सुटलेल्या किती मुलांची नावं पुन्हा घातली, ते आकड्यात सांगा. आकडे तुमच्या फील्डवर्क डायरीत आहेतच. फुगवू नका, इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

एकच रेझ्युमे सगळीकडे पाठवणं म्हणजे लग्नाला आणि ट्रेकिंगला एकच ड्रेस! हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाला समुपदेशन आणि सरकारी योजनांची माहिती हवी असते. सीएसआरवाल्यांना सर्व्हे, रिपोर्ट, एक्सेल. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले, त्याचा हिशेब त्यांना द्यावा लागतो ना! गडचिरोलीत जायचं असेल तर गोंडी, मेळघाटात कोरकू थोडी येत असली तरी ठळक लिहा. टू-व्हीलर लायसन्ससुद्धा. रेफरन्स म्हणून फील्डवर्क सुपरवायझरचं नाव टाका, पण आधी त्यांना विचारून. आणि हे सगळं दोन पानांत बसवा, प्लीज.

पोहे गार झाले, पण रेझ्युमे दोन पानांवर आला. मग तिने हळूच सांगितलं, जुना रेझ्युमे दोन ठिकाणी मेल झालेला आहे. सोमवारी सकाळी तिने दोन्हीकडे फोन करून तो डिलीट करायची विनंती केली. नोकरी मागायच्या आधी चूक कबूल करायची, सोपं नाही यार! एकीकडून लगेच ‘हो’ आलं. दुसरीकडून अजून काहीच उत्तर नाही.

सेंड दाबण्यापूर्वी तिसरं पान एकदा वाचा.