वरिष्ठांच्या अहवालाची वाट पाहणारे न्यायासन

गेल्या काही महिन्यांत आमच्या वर्गणीदार वकिलांकडून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय एकच आहे: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ चे पोटकलम (४). नागपूर, कोल्हापूर व इंदूर येथील पत्रे तूर्त बाजूस ठेवली, तरी जयपूरच्या बनीपार्क येथील जिल्हा न्यायालयात दीर्घकाळ वकिली करणाऱ्या एका मराठी वाचकांनी जी हकीकत लिहून पाठविली आहे, ती वाचल्यावर या विषयावर मौन बाळगणे आम्हांस प्रशस्त वाटेना.

त्यांच्या अशिलाची फिर्याद साधी होती. एका लोकसेवकाने त्याच्या दुकानातील माल जप्त केला आणि पंचनाम्यात त्यातला निम्माच दाखविला, असे त्याचे म्हणणे. उरलेला माल कोठे गेला हे ज्या गोदामात जप्तीचा माल उतरविला गेला तेथील कॅमेऱ्याच्या चित्रणावरून सहज उघड झाले असते. प्रतिज्ञापत्रासह अर्ज दाखल झाला, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी, कायद्याचा शब्द प्रमाण मानून, तपासाचा हुकूम देण्यापूर्वी त्या लोकसेवकाच्या वरिष्ठांकडून घटनेचा अहवाल मागविला. पहिल्या तारखेस पत्र पोहोचल्याची पोच आली नव्हती. पुढच्या तारखेस वरिष्ठांची बदली झाली असून नव्याने रुजू झालेले अधिकारी घटनेच्या वेळी तेथे नव्हते असे कळविण्यात आले. त्यापुढे कागद मार्गदर्शनार्थ मुख्यालयात गेले. आणि अखेरीस जो अहवाल दाखल झाला त्यावर वरिष्ठांच्या पदनामापुढे ‘कृते’ लिहून सही केली होती ती ज्याच्याविरुद्ध फिर्याद त्याच्याच हाताखालच्या एका कर्मचाऱ्याने, आणि आतला मजकूर आरोपित गृहस्थांच्या खुलाशाची जवळजवळ अक्षरशः नक्कल होता. तोपर्यंत गोदामातील चित्रणाची साठवणमुदत संपून ते पुसले गेले होते. न्यायदंडाधिकाऱ्यांवर आमच्या वाचकांचा रोष नाही, आमचाही नाही. त्यांनी कायद्याबाहेर काही केले नाही, आणि या प्रकरणातील खरी विपत्ती हीच आहे.

हे पोटकलम ज्यांनी रचले त्यांनी मुदतीचा विचारच केला नाही असे म्हणावे, तर त्याच संहितेतील कलम २१८ मध्ये अभियोजनाच्या मंजुरीवर सरकारने १२० दिवसांत निर्णय न घेतल्यास ती मिळाली असे समजण्याची तरतूद त्यांनीच केली आहे. म्हणजे मंत्रालयाला कालमर्यादा घालण्याचे ज्यांना सुचले, त्यांना खातेप्रमुखाला ती घालण्याचे मात्र सुचले नाही. कलम २२३ चे पोटकलम (२) याहून कठोर आहे: लोकसेवकाला आपली बाजू मांडण्याची संधी आणि वरिष्ठांचा अहवाल या दोन्ही गोष्टी झाल्यावाचून फिर्यादीची दखलच घ्यावयाची नाही. वरिष्ठ म्हणजे नेमका कोण, प्रत्यक्ष वरचा की खातेप्रमुख, आणि तोच त्या कृत्यात सामील असल्याचा आरोप असेल तर अहवाल कोणी द्यावा, याविषयी संहिता मूक आहे. ज्या शासनशाखेच्या कृत्याची छाननी न्यायालयाने करावयाची, त्याच शाखेच्या कागदावाचून न्यायालयाचे पाऊल पुढे पडू नये, आणि तो कागद केव्हा द्यावयाचा हे त्याच शाखेच्या मर्जीवर असावे, ही व्यवस्था म्हणजे कुळाने खंड केव्हा भरावा हे कुळानेच ठरविण्यासारखी आहे.

प्रामाणिक अधिकाऱ्याला खोडसाळ फिर्यादींपासून संरक्षण हवे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्यासाठी चाळणी पूर्वीच बसविलेली होती: २०१५ च्या प्रियंका श्रीवास्तव निकालाने प्रतिज्ञापत्राची आणि आधी पोलीस अधीक्षकांकडे दाद मागण्याची अट घातली, आणि नव्या संहितेने कलम १७५ (३) मध्ये ती उचलून घेतली. खोटे प्रतिज्ञापत्र करणाऱ्यास शिक्षा देता येते. न येणाऱ्या अहवालास शिक्षा कोणती?

जयपूरच्या वाचकांना ही व्यथा नवी नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये राजस्थान सरकारने दंडविधीत दुरुस्ती करणारा जो अध्यादेश काढला, त्याने आजी-माजी लोकसेवक, न्यायाधीश व न्यायदंडाधिकारी यांनी कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यांबाबत पूर्वमंजुरीवाचून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५६ (३) खाली तपासाचा हुकूम देण्यास न्यायदंडाधिकाऱ्यांना मनाई केली. मंजुरी देणाऱ्यास १८० दिवसांची मुदत दिली. आणि मंजुरी मिळेपर्यंत त्या लोकसेवकाचे नाव वा छायाचित्र छापणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास ठेवला. न्यायाधीशांनाही या छत्राखाली घेण्यातला कावा आमच्या व्यवसायबंधूंनी तत्काळ ओळखला, कारण १८५० चा कंपनी सरकारच्या काळचा कायदा आणि १९८५ चा न्यायाधीश संरक्षण कायदा हाताशी असताना त्यांच्यासाठी हे नवे कवच कोणी मागितले होते? २३ ऑक्टोबर २०१७ रोजी विधेयक जयपूरच्या विधानसभेत मांडले गेले, दुसऱ्या दिवशी प्रवर समितीकडे गेले, वकील, पत्रकार व नागरी स्वातंत्र्यवादी संघटना यांनी ते पुढे रेटू दिले नाही, अध्यादेश कालबाह्य झाला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सरकारने विधेयक मागे घेतले. महाराष्ट्रातील वाचकांनी यावर राजस्थानकडे बोट दाखविण्याची घाई करू नये. आपल्याकडे २०१६ च्या ३३ व्या अधिनियमाने कलम १५६ (३) ला तशीच परंतुके जोडून पूर्वमंजुरी सक्तीची केली होती. मुदत तेवढी नव्वद दिवसांची होती, आणि आपल्या बार असोसिएशनांतून त्याविरुद्ध फारसा आवाज उठल्याचे आम्हांस स्मरत नाही.

त्याच सुमारास वॉर्सामध्ये काय घडले ते पाहण्यासारखे आहे. डिसेंबर २०१६ मध्ये पोलंडच्या कनिष्ठ सभागृहाने अंदाजपत्रकावरील मतदान नेहमीच्या सभागृहात न घेता दुसऱ्या दालनात घेतले. त्याविषयीच्या तक्रारीचा तपास सरकारी अभियोक्त्यांनी बंद केला. आणि डिसेंबर २०१७ मध्ये, म्हणजे जयपूरचे विधेयक प्रवर समितीत पडून असतानाच, न्यायाधीश इगोर तुलेया यांनी तो तपास बंद करण्याचा निर्णय रद्द ठरविला आणि आपली कारणे पत्रकारांच्या उपस्थितीत वाचून दाखविली. सत्ताधाऱ्यांसंबंधीच्या तपासाचा हुकूम देणे आणि तो लोकांस कळू देणे, ही जी दोन कृत्ये राजस्थानच्या अध्यादेशाला असह्य वाटली होती, तीच तेथे एका न्यायाधीशाचा अपराध ठरली. तपासातील माहिती अनधिकृत व्यक्तींस उघड केली असा ठपका ठेवून १८ नोव्हेंबर २०२० रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या शिस्तपालन दालनाने त्यांचे संरक्षण काढून घेतले, त्यांना निलंबित केले व वेतनात चतुर्थांश कपात केली. नोव्हेंबर २०२२ अखेर ते पुन्हा न्यायासनावर बसू शकले, आणि ६ जुलै २०२३ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

यातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, युरोपीय संघाने या प्रश्नाकडे केवळ उच्चपदस्थ न्यायमूर्तींचा प्रश्न म्हणून पाहिले नाही. २७ फेब्रुवारी २०१८ रोजी लक्झेंबर्गच्या न्यायालयाने ज्या प्रकरणात न्यायिक स्वातंत्र्याचे तत्त्व संघाच्या करारातून निष्पन्न केले, ते प्रकरण पोर्तुगालच्या लेखापरीक्षण न्यायालयातील न्यायाधीशांच्या वेतनकपातीचे होते. न्यायाधीश ते प्रकरण हरले, परंतु संघाचा कायदा लावणाऱ्या प्रत्येक राष्ट्रीय न्यायालयाच्या, मग ते कितीही खालच्या पायरीवरचे असो, स्वातंत्र्याची हमी देण्यास त्या राष्ट्राचे सरकार बांधलेले आहे हा सिद्धांत त्यातून कायम झाला, आणि त्याच्याच आधारावर पुढे, पोलंडने शिस्तपालन दालनाचे कामकाज थांबविण्याचा हुकूम पाळला नाही म्हणून, २७ ऑक्टोबर २०२१ रोजी त्या राष्ट्रावर दररोज दहा लाख युरोंचा दंड बसला. आपल्याकडे असे बाहेरचे न्यायालय नाही, आणि दंड बसविणारा संघही नाही.

आपल्याकडे न्यायिक स्वातंत्र्याची चर्चा निघाली की ती थेट दिल्लीस पोहोचते. ११ जानेवारी २०२३ रोजी जयपूरच्याच विधानसभेत भरलेल्या पीठासीन अधिकाऱ्यांच्या परिषदेत तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी, जे एके काळी याच शहरातील उच्च न्यायालय बारचे अध्यक्ष होते, नियुक्ती आयोगाचा कायदा रद्द करणारा २०१५ चा निर्णय आणि केशवानंद भारती निकालातील मूलभूत संरचनेचा सिद्धांत या दोहोंवर टीका केली, आणि त्यावर महिनोन्महिने लेख लिहिले गेले, परिसंवाद झडले. ते आवश्यकच होते. परंतु राजस्थान उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्तिपद १९८६ ते १९८९ या काळात भूषविणाऱ्या जे. एस. वर्मा यांनी नियुक्तीविषयक १९९३ च्या निकालाइतकेच महत्त्वाचे जे दुसरे कार्य केले, ते १९९७ च्या विनीत नारायण निकालात: सहसचिव व त्यावरील अधिकाऱ्यांच्या चौकशीस सरकारची पूर्वपरवानगी लागेल असा जो सरकारी आदेश होता, तो त्या पीठाने अवैध ठरविला. २००३ मध्ये तीच परवानगी कलम ६-अ म्हणून कायद्यात आली. २०१४ मध्ये घटनापीठाने ते कलम रद्द केले. २०१८ मध्ये ती भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७-अ या नावाने पुन्हा अवतरली. प्रशासनाची चिकाटी यापेक्षा अधिक कशाने सिद्ध व्हावी?

आणि आमची चिकाटी? येथे स्वकीयांना दोन शब्द ऐकविणे भाग आहे. २०२१ च्या सप्टेंबरात जयपूरच्या उच्च न्यायालय बारने एका न्यायमूर्तींच्या न्यायासनावर बहिष्कार पुकारला, कारण एक अर्ज तातडीने सुनावणीस घेण्यास त्यांनी नकार दिला होता, आणि त्यांच्याकडील कामाचे वाटप बदलावे असा दबाव आणला; सर्वोच्च न्यायालयाला अवमानाची नोटीस काढावी लागली. वास्तविक कोणत्या न्यायमूर्तींपुढे कोणती प्रकरणे जावीत हे ठरविण्याचा अधिकार केवळ मुख्य न्यायमूर्तींचा आहे, हा प्रकाशचंद प्रकरणातील निर्णय राजस्थानच्याच उच्च न्यायालयातून उद्भवलेला, आणि तो तेथील प्रत्येक वकिलास ठाऊक असलाच पाहिजे. ११ जानेवारी २०२० रोजी युरोपातील अनेक देशांचे न्यायाधीश आपापले झगे घालून वॉर्साच्या रस्त्यांवरून पोलंडच्या न्यायाधीशांसाठी मूकपणे चालले. आमचे काळे कोट रस्त्यावर येतात ते बहुधा कामकाज बंद पाडण्यासाठी, आणि त्या दिवशीची तारीख चुकलेला पक्षकार परगावाहून भाडे खर्चून आलेला असतो. न्यायालयाच्या निःपक्षपातीपणावर सत्कारसमारंभात रामशास्त्र्यांचे नाव घेऊन बोलणे सोपे असते. त्याच आठवड्यात न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहून “साहेब, अहवालासाठी मुदत ठरवून द्यावी” असा लेखी अर्ज देणे जमत नाही, कारण सरकारी खात्याशी संबंध बिघडतात.

तेव्हा आमच्या वाचकांना आमची कळकळीची विनंती आहे. कलम १७५ (४) खालील प्रत्येक अर्जातच वरिष्ठांच्या अहवालास निश्चित मुदत द्यावी आणि तो मुदतीत न आल्यास त्यावाचून हुकूम व्हावा, अशी प्रार्थना स्वतंत्र परिच्छेदात मांडा. तपासाचा हुकूम देण्याचे सामर्थ्य न्यायदंडाधिकाऱ्याचे आहे आणि वरिष्ठाचे काम केवळ घटनेची माहिती पुरविण्याचे आहे, हे युक्तिवादात आग्रहाने सांगा. फिर्यादीतील कृत्य मुळात कर्तव्याच्या ओघात घडलेले नाही, अशी आपली भूमिका असेल, तर ती पहिल्याच तारखेस घ्या. जप्त मालातून निम्मा उचलणे हे कोणाचे शासकीय कर्तव्य असू शकत नाही, हा मुद्दा जयपूरच्या त्या प्रकरणात प्रारंभीच मांडला गेला असता तर कदाचित पोटकलम (४) ची पायरीच लागली नसती. चित्रण वा दस्तऐवज नष्ट होण्याचा संभव असल्यास ते जपून ठेवण्याचा हुकूम अहवालाआधी मागा. ‘कृते’ सहीच्या अहवालावर हरकत नोंदवा, ती रोजनाम्यात उतरते की नाही हे पाहा, आणि तारखांवर तारखा पडू लागल्या तर कलम ५२८ खाली उच्च न्यायालयाचे दार ठोठावण्यास कचरू नका.

आणखी एक काम आहे, जे एकट्या वकिलाच्या हातून होणारे नाही. अहवाल मागविल्याची तारीख, तो आल्याची तारीख व त्यावर सही करणाऱ्याचे पदनाम, एवढ्या तीन गोष्टी दर्शविणाऱ्या रोजनाम्यांच्या प्रमाणित प्रती, पक्षकारांची नावे झाकून, आमच्या कार्यालयाकडे पाठवाव्यात. त्यांचे कोष्टक आम्ही या मासिकात छापू, आणि पुरेशा प्रती जमल्यावर ते विधी आयोगाकडे व संबंधित उच्च न्यायालयांच्या प्रबंधकांकडे रवाना करू. जयपूरच्या वाचकांची प्रत पोहोचली आहे. इतरांनी पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पाठवावी.