अंगठेबहाद्दर

आयुष्यात मी एकच मोहीम फत्ते केली. कुणी लोकांची दारू सोडवतं, कुणी तंबाखू सोडवतं. मी तळोद्यात लोकांचा अंगठा सोडवला.

२ ऑक्टोबर १९७८ ला देशात राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा मी नवाकोरा मास्तर होतो, आणि नव्या मास्तराला नाही म्हणता येत नाही. हेडमास्तरांनी एक कंदील, वीस पाट्या आणि ‘अंगठेबहाद्दर’ या शब्दाचा कडक निषेध करणारं एक भाषण माझ्या हवाली केलं. रात्री साडेआठला वर्ग भरायचा. दिवसभर मिरच्या तोडून आलेल्या बायका समोर बसायच्या. माझं शिकवणं ऐकून त्यांचे डोळे पाणावतात, असं मला पहिले पंधरा दिवस वाटत होतं. मिरचीच्या हातानं डोळे पुसले की कुणाचेही पाणावतात, हा खुलासा आमच्या सौभाग्यवतींनी नंतर केला.

त्यातल्या एका बाईंना स्वतःचं नाव लिहायला तीन महिने लागले. अक्षरं जमली, पण शिरोरेघ थांबेना. ती पाटी ओलांडून थेट जमिनीवर जायची. पुढे एका कचेरीत कारकुनानं सवयीनं शाईचा पॅड पुढे सरकवला, तेव्हा बाईंनी तो मागे सारला आणि पेन मागितलं. सहीला चार मिनिटं लागली. मागची रांग कुरकुरली. मला मात्र त्या चार मिनिटांत नोकरीचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या नोव्हेंबरात मी जिवंत आहे की नाही, असा प्रश्न निघाला. पेन्शनरांना दर वर्षी आपण हयात असल्याचं सिद्ध करावं लागतं. मी झकास सही करायच्या तयारीनं गेलो, तर समोरचा पोरगा म्हणाला, “काचेवर अंगठा ठेवा.” ठेवला. लाल दिवा लागला.

“गुरुजी, तुमचा अंगठा जुळत नाही.”

“कुणाशी?”

“तुमच्याशी.”

मग रांगेतून घरगुती उपाय सुरू झाले. अंगठा धोतराला पुसा. खोबरेल लावा. लिंबू चोळा. उजवा नको, डावा ठेवा. एका सद्गृहस्थांनी तर “जरा मनापासून दाबा” असंही सुचवलं. दहाही बोटं झाली आणि मी मी नसल्याचं दहा वेळा सिद्ध झालं. खिन्न मनानं घरी आलो. सौभाग्यवतींनी दार उघडलं आणि माझ्याकडे नजर टाकून विचारलं, “पिशवी कुठं विसरलात?” इतकी अचूक पडताळणी जगातल्या कुठल्याही यंत्राला साधायची नाही.

माझं काम पुढे दुसऱ्या वाटेनं झालं. पेन्शनरच्या फजितीवर हसायला हरकत नाही, मीही हसलो. पण त्याच महिन्यात रेशनच्या रांगेत मला त्या बाई दिसल्या. आता सत्तरीच्या पुढे. ऊस, कापूस, मिरची, धुणी-भांडी यांत बोटांवरच्या रेषा केव्हाच झिजून गेलेल्या. यंत्रानं तीनदा नकार दिला. बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, “मास्तर, सही करू का?”

दुकानदार काही वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, “आजी, यात सहीला जागाच नाही.”

बाई रिकामी पिशवी घेऊन परतल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी नातवाची शाळा बुडवून त्याला रांगेत उभा केला, आणि त्याचा अंगठा चालला. ज्या घरात मी आजीला अंगठ्याकडून अक्षराकडे नेलं, त्या घरात नातवाला अक्षराकडून अंगठ्याकडे आणलेला मी या डोळ्यांनी पाहिला. या वेळी मिरचीचा काही संबंध नव्हता.

या कारभाराची सुरुवातही आमच्याच जिल्ह्यात व्हावी! शेजारच्या शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहनसिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. गावाचं नाव देशभर झालं. दहा बोटं, दोन डोळे आणि एक चेहरा देऊन बारा आकडे घ्यायचे, असा तो सौदा.

अंगठ्यावरचा हा विश्वास तसा जुना, आणि तोही आपल्याच देशातला. १८५८ साली बंगालात विल्यम हर्शेल या गोऱ्या अधिकाऱ्यानं एका कंत्राटदाराच्या करारावर पंजाचा ठसा घेतला, तो सहीवर भरवसा नव्हता म्हणून. पुढे १८९७ साली कलकत्त्याला ठशांची कचेरी निघाली. तिथल्या अझीझुल हक यांनी सगळे ठसे १०२४ खणांत लावायचं गणित बसवलं. पद्धतीला नाव मात्र साहेबाचं लागलं, हेन्रीचं. १०२४ हा आकडा पुढे संगणकवाल्यांचाही लाडका झाला, तेव्हा यांचं गोत्र एकच म्हणायचं.

आता यंत्र करतं काय, ते ऐका. ते तुमच्या अंगठ्याच्या रेषा कुठं संपतात आणि कुठं फुटतात ते टिपतं, साठवलेल्या ठशाशी ताडून पाहतं आणि गुण देतं. पास किती गुणांना करायचं, हे माणसानं ठरवलेलं असतं. रेघ वर नेली तर खरा माणूस नापास होतो. खाली आणली तर तोतया पास होतो. म्हणजे यंत्राचा ‘नाही’ हा निकाल नव्हे, अंदाज आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आधारच्या अधिकाऱ्यांनीच सांगितलं होतं, की सरकारी सेवांमध्ये पडताळणी यशस्वी होण्याचं प्रमाण ८८ टक्के आहे. परीक्षेत ८८ टक्के म्हणजे आम्ही पेढे वाटतो. पण उरलेले बारा टक्के हे कुणाच्या तरी चुलीवरचे असतात, तिथं पेढे कसले?

माझं खरं भांडण पुढेच आहे. आधारच्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा तुमचा-माझा नसतोच. तो आधीच्या अकरांवरून गणितानं काढलेला असतो. व्हेरहूफ नावाच्या डच गणितज्ञानं १९६९ साली ही युक्ती दिली. कारकुनानं एखादा आकडा चुकीचा लिहिला किंवा शेजारशेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल केली, तर ते लगेच पकडलं जातं. सुंदर युक्ती आहे, मीही मास्तर म्हणून टोपी काढतो. पण बघा, माणूस चुकणार हे त्या हुशार मंडळींनी आधीच धरलं आणि त्यासाठी अख्खा एक आकडा राखून ठेवला. यंत्र चुकलं तर काय, यासाठी त्या काउंटरवर काय राखून ठेवलं आहे? “उद्या या.”

कागदावर सोय आहे, मला ठाऊक आहे. बोट जुळलं नाही म्हणून कुणाचा हक्क बुडू नये, ओळख दुसऱ्या मार्गानं पटवून घ्यावी, हे २०१८ च्या निकालातही आलं. डोळा, चेहरा, मोबाईलवरचा आकडा अशा वाटाही निघाल्या. आणि दुसऱ्याच्या नावावर धान्य उचलणारे महाभाग पूर्वी होते, त्यांना चाप बसला पाहिजे, हेही मला मान्य. चोर पकडा की! पण चोर पकडायच्या जाळ्यात रोज आजी सापडत असेल, तर जाळं विणणाऱ्यानं मान खाली घालावी, आजीनं का?

आमच्या सातपुड्यात एकलव्याला घरचा मानतात. द्रोणाचार्यांनी त्याचा अंगठा मागितला म्हणून आपण हजारो वर्षं त्यांना नावं ठेवतो. पण त्यांनी एकदाच मागितला. दर महिन्याला नाही. आणि दिल्यावर “जुळत नाही” असं तर मुळीच म्हणाले नाहीत.

म्हणून मागणी साधी आहे. यंत्र ‘नाही’ म्हणालं, तर ती यंत्राची चूक समजावी, माणसाची नव्हे. धान्य त्याच दिवशी द्यावं, सही घ्यावी, आणि भांडण मागाहून यंत्राशी करावं. त्या पडद्यावर सहीपुरती चार बोटं जागा ठेवा; शिरोरेघ थोडी बाहेर गेली तरी चालवून घ्या.

आणि ही यंत्रं लिहिणाऱ्या बंगळूर-पुण्याच्या मंडळींसाठी मी माझा वर्ग पुन्हा सुरू करायला तयार आहे. वेळ रात्री साडेआठ. कंदील माझा, पाटी ज्याची त्यानं आणावी. धडा एकच: ‘माझं चुकलं’ असं लिहायला शिकणे. तीन महिने लागले तरी हरकत नाही. मला सवय आहे.