घराच्या अब्रूपेक्षा जीव मोठा

सातारा हा सैनिकांचा जिल्हा. अपशिंगे या गावाच्या नावाला तर ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचाच जोडला गेला आहे. रहिमतपूर असो वा कोरेगाव, सैनिकी परंपरा असलेल्या घराकडे समाज आदराने पाहतो. हाच आदर कधीकधी त्या घरातील वृद्ध स्त्रीच्या तोंडाला कुलूप लावतो. सैन्यदलाच्या परिचर्या सेवेतून निवृत्त झालेली परिचारिका असो किंवा माजी सैनिकाची पत्नी, ‘आपल्या घरचे उघड्यावर कसे आणावे?’ या संकोचाने ती मार, शिवीगाळ आणि उपासही सोसत राहते.

छळ केवळ मारहाणीचाच असतो असे नाही. निवृत्तिवेतनाचे बँक पुस्तक काढून घेणे, औषधे वेळेवर न देणे, नातेवाइकांना भेटू न देणे, हेही छळच होत. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला. त्यात आर्थिक आणि मानसिक छळाचाही समावेश आहे. हा कायदा केवळ सुनेसाठी नाही. आईही मुलाविरुद्ध दाद मागू शकते आणि २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर सुनेविरुद्धही. राहत्या घरातून तिला बाहेर काढू नये, असा आदेश न्यायालय देऊ शकते.

मग जावे कोठे? तातडीच्या प्रसंगी ११२ वर पोलीस, १८१ वर महिला साहाय्य आणि १४५६७ वर ज्येष्ठांसाठी मार्गदर्शन मिळते. संरक्षण अधिकारी तक्रारीची नोंद करून अर्ज न्यायालयापर्यंत पोहोचवतात. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये समुपदेशन, वैद्यकीय व कायदेशीर मदत आणि तात्पुरता निवारा मिळतो. उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. साताऱ्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय निवृत्तिवेतनाच्या अडचणींत मार्ग दाखवते. मात्र मारहाण होत असेल तर प्रथम पोलिसांनाच कळवावे.

निर्वाहखर्चासाठी २००७ च्या कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मुलाच्या नावे घर किंवा जमीन करावयाची असल्यास ‘आयुष्यभर सांभाळ करावा’ ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्यावी. अट मोडल्यास ते हस्तांतरण रद्द करून मागता येते.

शुश्रूषा करणाऱ्यांनी आणि शेजाऱ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे. आजींशी एकांतात बोलावे. घरच्यांसमोर विचारल्यास ‘काही नाही, पडले’ हेच उत्तर मिळेल. त्यांचे म्हणणे मधेच न तोडता ऐकावे. जखम असल्यास डॉक्टरांना दाखवून कागद जपावेत, तारखा लिहून ठेवाव्यात. मुलाला लगेच समोर बसवून समेट घडवू नये. पाहुणे उठून गेल्यावर त्याचा राग पुन्हा आजींवरच निघू शकतो. छळाची माहिती संरक्षण अधिकाऱ्यास कोणीही देऊ शकतो, आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कायदेशीर जबाबदारी येत नाही.

ज्या हातांनी जखमी जवानांना मलमपट्टी केली, ज्या पत्नींनी सीमेवरच्या पत्राची वाट पाहत संसार एकटीने ओढला, त्यांना उतारवयात भीतीच्या छायेत राहावे लागू नये. घराण्याची अब्रू तक्रार करणाऱ्या आईमुळे जात नाही. तिच्यावर हात उगारणाऱ्यामुळे जाते.